दादाची चाल

हिंगणवस्ती, ता. कर्जत
२८ जानेवारी २०२६

प्रिय चांगुणा,

आधी एक सांगून टाकते. घरात आता कुणी गेलेलं नाही. बजरंगदादा आहे, मी आहे, सगळे आहोत. वीस वर्षांनी पत्र आलं की माणूस आधी तेच धरून चालतं, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. फोनच करणार होते, तुझा नंबरही मिळवला होता. पण दादाचं नाव ऐकलं की तू फोन ठेवशील, आणि मला जे सांगायचंय ते पाच मिनिटांत मावणारं नाही. पत्र निदान अर्धं वाचून बाजूला ठेवता येतं आणि भाकऱ्या उरकल्यावर पुन्हा हातात घेता येतं. एकच विनंती आहे, मधली पानं सोडून शेवटावर जाऊ नकोस. शाळेत धडा वाचायच्या आधी तू खालचे प्रश्न वाचायचीस. हे पत्र मात्र ओळीनं वाच. शेवटी जे लिहिणार आहे ते आधीचं समजल्याशिवाय नीट समजायचं नाही. आणि हो, दादाच्या आजाराबद्दल तुला लिहायची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे. माझ्या कामात तो नियम पाळावा लागतो.

मी आता गावची आशाताई आहे, तेरा वर्षं झाली. गरोदर बायकांच्या नोंदी, बाळांच्या लसी, टीबीच्या गोळ्या, यात दिवस जातो. ओमचे बाबा डेअरीचं दूध संकलन बघतात, ओम चाकणला कंपनीत लागलाय. तू राहुरीला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आहेस हे मला कळत होतं. चौकशी मी करतच होते, समोर यायची छाती नव्हती. पाचवी ते दहावी आपण एका बाकावर काढली, आणि दादासाठी तुला मागणी घालायला आबांना मीच भरीला पाडलं. मला गावातच दिलेली, त्यामुळे तू आमच्या घरात आल्यावरही आपण रोज संध्याकाळी हातपंपावर भेटायचो. वहिनी मी तुला चारचौघांत म्हणायचे, एरवी चांगुणाच. म्हणून मायनाही तसाच लिहिला.

दोन हजार चार साल आठव. दादा तिशीचा. बांधावरून चालताना त्याचे पाय फाकायला लागले, चालत्या टेम्पोत उभं राहिल्यासारखे. जीभ जड झाली. कपातला चहा बशीत सांडायचा. गावानं महिन्याभरात निकाल लावून टाकला. आबांचंही तसंच झालेलं. ऊसतोडीवर असताना ते बैलगाडीवरून पडले आणि मुकादमानं 'पिऊन कामावर येतो' म्हणून टोळीतून काढलं. बापाच्या वळणावर गेला, असं लोक दादाबद्दल म्हणाले. दादा म्हणायचा, "मी थेंब घेत न्हाई गं." तू किती दिवस त्याच्या बाजूनं भांडलीस ते मी पाहिलंय. मग भीमानाना आणि आणखी चौघांनी त्याला शनिशिंगणापूरला शपथ घ्यायला नेलं. त्यानं शपथ घेतली, आणि परतल्यावर टेम्पोतून उतरताना तोल जाऊन तोंडावर पडला, दोन दात गेले. खोट्या शपथेचं फळ लगेच मिळालं, ही बातमी तो घरी पोचायच्या आत गावभर झाली. त्यानंतर तूही थकलीस. तुझा भाऊ न्यायला आला, देवळापुढं बैठक बसली, चार वर्षांची ज्ञानेश्वरी तुझ्या खांद्यावर झोपलेली. त्या बैठकीत मला एक प्रश्न विचारला होता. मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. त्याच्याकडे मी येणार आहे.

तू गेल्यावर आई होती तोवर आईनं केलं, नंतर मी. आधी काठी आली, मग भिंतीचा आधार, मग खाट. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही, कुणी सुचवलंही नाही. दीड वर्षापूर्वी पोळ्याच्या दिवशी तो अंगणात पडला आणि खुबा मोडला. नगरहून पुण्याला हलवावं लागलं. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांना त्याचं बोलणं आणि हातांची थरथर बघून शंका आली, त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दादाला सांगितलं, बोट आधी स्वतःच्या नाकाला लावा, मग माझ्या बोटाला. दादाचं बोट दर वेळी हेलकावे खात भलतीकडे जायचं. मी सवयीनं म्हणाले, "दारूनं असं झालंय म्हणतात लोक." ते म्हणाले, "लोकांचं राहू द्या. घरात आणखी कुणाचा असा तोल जायचा का?" मग फोटो काढले. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, चालणं, बोलणं, हातांची हालचाल यांचा तोल तो सांभाळतो. दादाचा तो आक्रसत चालला होता. दारूनं किंवा दुसऱ्या कशानं झालंय का तेही त्यांनी तपासलं. तसं काही नव्हतं. आजाराचं नाव ॲटॅक्सिया. घराण्यातून येतो. वीस वर्षं, चांगुणा, आणि बोट नाकाला लावून बघायला पाच मिनिटं लागली.

त्या दवाखान्याबरोबर या आजारावर एक संशोधन चालू आहे. त्यातल्या डॉ. धनश्री त्याच वर्षी दिवाळीनंतर आपल्याकडे आल्या. तिशीच्या आहेत, मूळच्या कोपरगावकडच्या, त्यामुळे बोलणं परकं वाटत नाही. ओसरीवर मोठा कागद पसरून त्यांनी आमचं घराणं मांडायला घेतलं, पुरुष असेल तर चौकोन, बाई असेल तर गोल. ज्यांचा तोल गेला त्यांची आकृती काळी करायची. आबांचा चौकोन काळा झाला, दादाचा झाला. मग त्यांनी विचारलं, आबांच्या बहिणी? मी म्हणाले, दगडाबाई आत्या होती, पण तिचं वेगळं, तिला वारं लागायचं, भिंतीला धरून चालायची, बोललेलं कळायचं नाही, तिला देवस्थानांना फिरवलं. बोलता बोलताच मी थांबले. धनश्रीताईंनी पेन माझ्या हातात दिलं. आत्याचा गोल मी काळा केला. एका घरातला एकच आजार. पुरुषाला झाला तर दारू आणि बाईला झाला तर वारं, एवढाच काय तो फरक आम्ही केला होता.

त्यांना अख्ख्या भावकीचं रक्त तपासायचं होतं. त्यासाठी लोकांना समजावून सांगणं भाग होतं, म्हणून शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. ती पहिली सभा सपशेल फसली. पडद्यावर पीळ घातलेल्या शिडीचं रंगीत चित्र, आणि जिनोम, म्युटेशन, क्रोमोसोम असले शब्द. भीमानानांनी विचारलं, "हा जिना कुनाच्या घरातला?" सगळे हसले आणि तिथंच सभा संपली. कुणी हात पुढं केला नाही. चार दिवसांत भलतंच सुरू झालं. रक्त परदेशात विकतात. रक्त आणि आधार कार्ड दोन्ही दिलं की जमीन नावावरून जाते. धनश्रीताई मला म्हणाल्या, "ताई, मी दहा वर्षं हे शिकले आणि मला हे माझ्या आजीला सांगता येत नाही. तुम्ही लोकांच्या घरात जाता, तुम्ही कसं सांगाल?"

मी काय केलं ते ऐक. मी डेअरीवर जाऊन बायकांना आणि दूध घालायला येणाऱ्या गड्यांना गायींचं उदाहरण दिलं. म्हटलं, गाय भरवताना तुम्ही विचारता की नाही, वळू कुठला, त्याच्या आईचं दूध किती? आईबापाचं जसं असेल तसं वासरात उतरतं, माणसाचंही तसंच. लगेच कळलं सगळ्यांना. मला वाटलं, काय सोपं करून सांगितलं मी! पंधरा दिवसांनी अजिनाथकाकांच्या कल्याणचं जमलेलं लग्न मोडलं. अजिनाथकाका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, तुला आठवत असतील. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला, तुमच्या वंशात खोट आहे असं तुमच्याच आशाताई सांगतात. भीमानाना तर डेअरीवर उघड म्हणाले, "खोट निघालेलं जनावर आपन दावनीला ठेवतो का?" माझ्याच उदाहरणाचा तो पुढचा अर्थ होता, आणि सरळ होता. काकू आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कल्याण मात्र आला आणि म्हणाला, "ताई, तुला वाईट वाटून घेऊ नको. पन आता नीट सांग." मला धनश्रीताईंना फोन करून कबूल करावं लागलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गायीत आपण निवड करतो, म्हणून ऐकणाऱ्याच्या मनात निवडच येते. दुसरं काहीतरी शोधू."

दुसरं जे सापडलं ते तुझ्यामुळे. सातवीत आपल्याला उशीर झाला आणि गुरुजींनी 'मी उद्यापासून वेळेवर येईन' हे वाक्य पंचवीस वेळा लिहायला लावलं, आठवतं? तू मोजायला विसरलीस आणि चाळीस वेळा लिहिलंस. मी तुझं बघून उतरवलं तर माझी बेचाळीस झाली. मी हे धनश्रीताईंना सांगितलं तेव्हा त्या ताडकन उठून बसल्या आणि म्हणाल्या, अगदी हेच होतं. आता नीट वाच. आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं असतं. प्रत्येक पेशीत जणू एक वही असते, शरीर कसं घडवायचं आणि चालवायचं ते तिच्यात लिहिलेलं. ती अख्खी वही म्हणजे जिनोम. त्यातला एकेक धडा म्हणजे जनुक, असे वीसेक हजार धडे. प्रत्येक धड्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. त्यातल्या एका धड्यात एक छोटा शब्द लागोपाठ येतो. बहुतेकांच्या वहीत तो बावीस-तेवीस वेळा असतो. दादाच्या एका प्रतीत तो एकेचाळीस वेळा आहे. त्या धड्यावरून शरीरात जे प्रथिन तयार होतं ते या जादा शब्दांमुळे बिघडतं, पेशींत साचत जातं, आणि लहान मेंदूच्या पेशी वर्षानुवर्षं थकत जातात. पुढच्या पिढीसाठी वही उतरवताना तो आकडा आणखी वाढू शकतो, बापाकडून आला तर जास्तच. आणि आकडा जितका मोठा तितका आजार साधारण लवकर सुरू होतो. आबांना बेचाळिसाव्या वर्षी झाला, दादाला तिसाव्या. हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मग पुढे जा.

दुसरी सभा गुढीपाडव्यानंतर घेतली. या वेळी पडदा नाही, फक्त फळा आणि खडू. मी वहीचं सांगितलं, आपल्या बेचाळीस ओळींचंही सांगितलं, बायका खूप हसल्या. मग प्रत्येकीच्या हातात एक रुपयाचं नाणं दिलं. म्हटलं, समजा बापाला हा आजार आहे. त्याच्याकडे एक प्रत जादा शब्दांची आणि एक बरोबर. लेकराला दोन्हीतली एकच मिळते. छापा पडला तर जादा शब्दांची, काटा पडला तर बरोबर. चार लेकरं आहेत असं समजून चार वेळा उडवा. कुणाचे दोन छापे आले, कुणाचा एक, एकीचे चारही छापे आणि एकीचा एकही नाही. पहिल्याला छापा पडला म्हणून दुसऱ्याला काटा पडेलच असं नाही, प्रत्येक लेकराचं नाणं नव्यानं उडतं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही, त्यांचं त्यांनीच एकमेकींना सांगितलं. पोरगा असो की पोरगी, सारखंच. आणि काटा पडला त्याच्याकडून हा आजार पुढे जात नाही. दडून राहून नातवंडांत वर येत नाही. तो शिवल्यानं होत नाही, खाल्ल्यानं होत नाही, कुणाच्या पापानं होत नाही.

भीमानाना शांत बसणारे नव्हतेच. म्हणाले, "मग त्या घरात पोरगी देऊ नये हे खरंच की." धनश्रीताई म्हणाल्या, "नाना, संशोधनात आम्ही हजारो लोकांच्या वह्या वाचतो आणि एकमेकींशी लावून बघतो. चूक नसलेली एकही वही आजवर मिळालेली नाही. तुमच्या वहीत चुका आहेत, माझ्या वहीत आहेत. काही जन्मभर दिसत नाहीत, काहींचा दम्याला हातभार लागतो, काहींचा साखरेला. यांच्या घरातली एक चूक चालण्यात दिसते, एवढंच. आता कुणाकुणाला दावणीवरून काढायचं ते तुम्ही सांगा." तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला. ओमच्या बाबांनी आणि कल्याणनं त्याला चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं, तसा त्याचाच हट्ट होता. त्याचं बोलणं आता फार तुटक झालंय, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. हॉलमध्ये सत्तर-ऐंशी माणसं असतील, सगळी थांबली. तो म्हणाला, "मी... दारू... पीत नव्हतो." एवढंच. त्याला आणखी काही सांगायचं नव्हतं.

मग भीमानाना उठले. मला वाटलं निघून जाताहेत. ते टेबलापाशी गेले आणि धनश्रीताईंना म्हणाले, "माझं रगात चालंल का? मी त्यांच्या घरातला न्हाई." ताई म्हणाल्या, चालेल, आजार नसलेल्या घरांचंही लागतं, त्याशिवाय फरक कळत नाही. नानांनी बाही वर केली. पहिलं रक्त त्यांचं. नळीवर नाव नसतं, नंबर असतो, आणि नकोसं वाटलं तर पुढे कधीही संशोधनातून नाव काढून घेता येतं, हे ताईंनी त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. मग रांग लागली. दंडाला कापूस धरून नाना दादापाशी गेले, त्याच्या मांडीवरचा रुमाल उचलून त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि बाहेर पडले. माफी त्यांनी तोंडानं मागितली नाही. पण तेव्हापासून दर सोमवारी येऊन बसतात, पेपर मोठ्यानं वाचतात. दादाला पेपरात रस नाही, पण तो ऐकतो.

ऑगस्टमध्ये निकाल आले. ज्यांना जाणून घ्यायचं होतं त्यांनाच, एकेकाला वेगळं बसवून सांगितले. अजिनाथकाकांनी स्वतःच गावभर सांगितलंय म्हणून लिहिते, त्यांच्यात काही नाही, म्हणजे कल्याणमध्येही यायचं कारण नाही. मोडलेली सोयरीक परत आली, पण त्यानं ती घेतली नाही. त्याचं श्रीगोंद्याकडे लग्न झालं. माझंही सांगते. माझ्या दोन्ही प्रतींत बावीस-बावीस. दादाचा छापा पडला आणि माझा काटा, एकाच आईबापाच्या पोटी. घरी आल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, ओमचं नाव घेऊन देवापुढं साखर ठेवायला हवी होती. मी गोठ्यात जाऊन बसले. दादासमोर जायला नको वाटत होतं. शेवटी सांगितलं, तर तो हसला आणि म्हणाला, "बरं झालं. घरात एक तरी... सरळ चालनारं... पायजे."

त्या रात्री जेवताना मी त्याला बैठकीतलं खरं सांगितलं. आता तुलाही सांगते. तुझ्या भावानं मला विचारलं होतं, तू सख्खी बहीण आहेस, तुझ्या भावाच्या तोंडाला दारूचा वास आलेला आहे का? मी हो म्हणाले. चांगुणा, मला कधीच वास आला नव्हता. एकदाही नाही. मी का म्हणाले याची कारणं मी इतकी वर्षं बदलत आले. कधी म्हणते, तुझी सुटका व्हावी म्हणून. कधी म्हणते, सगळं गाव सांगतंय ते खरंच असणार असं वाटलं म्हणून. खरं म्हणजे मला त्याची लाज वाटत होती, आणि नाही म्हणाले असते तर त्याच्या बाजूनं मी एकटीच उरले असते. माझ्या त्या एका शब्दावर तू उठलीस. दादानं हे ऐकून घेतलं, बराच वेळ भाकरीचा तुकडा दुधात दाबत राहिला आणि म्हणाला, "तिलाबी... सांग."

तुझ्या मनात पहिला प्रश्न येईल तो औषधाचा. खरं तेच लिहिते, आज यावर औषध नाही. व्यायामानं तोल थोडा जास्त दिवस टिकतो. पाण्याचा ठसका लागतो, म्हणून ते घट्ट करून पाजायला मी शिकले. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. औषधं शोधायचं काम जगभर चाललंय. उद्या एखादं चाचणीला आलं तर ते कुणाला द्यायचं हे आधी माहीत असावं लागतं, म्हणून अशी घराणी शोधून ठेवतात. आणि दुसरं म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरांनी, आशांनी पुन्हा कुणाच्या चालण्याला दारू म्हणू नये. मी आता कर्जतला इतर आशाताईंना हेच शिकवायला जाते. गायीचं उदाहरण का देऊ नये तेही सांगते.

आता ज्ञानेश्वरीचं. आपल्या त्या सभेचं कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. न विचारता काढलं, म्हणून ते पुसायला लावलं, तरी ते फिरायचं ते फिरलंच. फिरत फिरत नगरला तिच्या पतसंस्थेतल्या कुणाच्या तरी फोनवर पोचलं. गणपतीत मला एक फोन आला. "मनकर्णा आत्या का? मी ज्ञानेश्वरी. खुर्चीत बसलेले ते माझे बाबा आहेत का?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "ते दारू पीत नव्हते?" मी नाही म्हणाले. एवढं बोलून तिनं फोन ठेवला. नवरात्रात एका रविवारी ती आली. ऑफिसच्या ट्रेनिंगला जाते असं तुला सांगून आली होती, ते तिला फार लागलंय, तिला रागावू नकोस. दादानं तिला बघितलं, बराच वेळ तोंड हललं, पण शब्द निघाला तो एवढाच, "गाडीनं... आलीस का?" ती म्हणाली, हो, एसटीनं. मग तिनं त्याला पाणी पाजलं, कसं पाजायचं ते मी दाखवल्यावर. तिची चाल चांगली आहे, मी तीच बघत होते. पण पंचविशीत दादाचीही चांगलीच होती. जाताना तिनं आपणहून धनश्रीताईंचा नंबर मागितला. ताईंनी तिला दोनदा पुण्याला बोलावून समजावलं, जाणून घेणं हा तुझा हक्क आहे तसा न जाणून घेणं हाही आहे, कुणाच्या सांगण्यावरून ठरवू नकोस. तिच्यासाठी तू स्थळ बघते आहेस. मुलाला जे सांगायचं ते आपण स्वतः, खरं माहीत असताना सांगायचं, असं तिनं ठरवलं. डिसेंबरात तिनं रक्त दिलं.

तिचा निकाल तयार आहे. बारा फेब्रुवारीला, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता पुण्याला सांगणार आहेत. त्यात काय आहे ते तिला माहीत नाही, मलाही नाही. ऐकायला एकटीनं येऊ नये, आपलं एक माणूस बरोबर आणावं, असा तिथला नियम आहे. मी येते म्हणाले. तर ती म्हणाली, "आत्या, तू नको. मला आई पायजे. पण मला तिला सांगता येत नाही. तू तिला आधी सगळं समजावून सांग, मग माझं सांग." म्हणून एवढं सगळं लिहिलं. ती त्या दिवशी सकाळी सात वाजता नगरच्या पुणे स्टँडवर तुझी वाट बघत उभी असेल. तू आलीस का, हे मी तिला विचारणार नाही. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू सवडीनं ठरव, घाई नाही. राहुरीहून पहाटेची पहिली गाडी धर, थंडी आहे, स्वेटर घाल, आणि आत गेल्यावर तिच्या शेजारच्या खुर्चीवर बस.

तुझीच,
मनकर्णा